रद्दीत गेलेलं नाव

दोस्तांनो, दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं? मोडकी छत्री, फुटका कंदील आणि कागदांची गाठोडी! "कशाला ठेवलाय हा पसारा?" असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि गाठोडं रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसतं.

आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. मी तेव्हा सातवीत होतो. आजोबांच्या ट्रंकेत रोपवाटिकांची जुनी दरपत्रकं होती. त्यांत कलमांची नावं, समोर किमती आणि कडेला आजोबांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणा. मी ती सगळी रद्दीत घातली आणि आलेल्या पैशांची कुल्फी खाल्ली. पुढं दोन-चार वर्षांनी परड्यातला आंबा असा काही लागला, की येणारा-जाणारा विचारायचा, "कुठल्या जातीचं हो हे?" तोवर आजोबा गेले होते. जातीचं नाव होतं त्या दरपत्रकात, पेन्सिलीची खूण केलेल्या ओळीत. झाड आजही फळतं. नाव मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, "जाहिरातीच्या कागदांत कसला आलाय इतिहास?" आहे की! चला, सांगली जिल्ह्यातल्या पलूसला जाऊ.

पलूसच्या शेजारीच किर्लोस्करवाडी आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून इथं आले, तेव्हा हा औंध संस्थानातला उजाड माळ होता. निवडुंग माजलेला आणि साप फिरणारे! औंधच्या राजांनी जागा दिली आणि त्या माळावर कारखाना आणि आखीव-रेखीव गाव उभं राहिलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढं इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'कॅक्टस अँड रोझेस', म्हणजे निवडुंग आणि गुलाब!

या कारखान्याचा माल होता लोखंडी नांगर. बेळगावातच लक्ष्मणरावांनी तो बनवायला घेतला होता. पण विकायचा कुणाला? लोखंड मातीत गेलं की जमिनीत विष उतरतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षं लागली. नुसता चांगला नांगर करून भागत नव्हतं, लोकांच्या मनातली भीतीही काढायला हवी होती. कारखान्याच्या मालाची माहिती घरोघर पोचावी म्हणून 1920 साली इथूनच 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघालं. ते चालवलं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी. ते स्वतः चित्रकार होते. बघता बघता या जाहिरातीच्या पत्राचं 'किर्लोस्कर' हे नामांकित मासिक झालं. पाठोपाठ 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' ही भावंडं आली. तिन्ही मासिकं आता पहिल्यासारखी निघत नाहीत. पण त्यांचे जुने अंक चाळले की त्या काळचं घर, शेत आणि बाजार डोळ्यांपुढं उभा राहतो.

आता जरा लांबची गंमत ऐका. स्टेशनबाहेर मिळणारं पिवळंधमक स्वीट कॉर्न तुम्ही आवडीनं खाता ना? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत पिवळा मका म्हणजे जनावरांचं खाणं, माणसांनी खायचा तो पांढरा, असाच समज होता. 1902 साली बर्पी नावाच्या बियाणे कंपनीनं आपल्या सूचिपत्रात 'गोल्डन बँटम' हा गोड पिवळा मका आणला आणि लोकांचं मन वळवलं. म्हणजे बघा, इकडं नांगराची भीती, तिकडं मक्याची नावड! दोन्हीकडं छापील कागद कामाला लागला.

ही सूचिपत्रं दरवर्षी निघायची. नवं आलं की जुनं टाकून द्यायचं, अशीच रीत. पण अमेरिकेच्या शेती खात्यातले पर्सी रिकर नावाचे एक वनस्पतितज्ज्ञ 1904 पासून ती साठवू लागले. आज तिथल्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयात असली दोन लाखांवर सूचिपत्रं आहेत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत तर बर्पी कंपनीची दप्तरं आहेतच, शिवाय जुन्या बागांचे आराखडे आणि काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली बागांची चित्रंही आहेत. इंग्लंडात रेडिंग गावची सटन्स ही 1806 सालची बियाण्यांची पेढी. तिचे कागद तिथल्याच विद्यापीठाच्या संग्रहालयात जपलेत.

हे सगळं कशासाठी? समजा, एखादी जुनी बाग पूर्वी होती तशी पुन्हा उभी करायची आहे. मग वाफे कुठं होते ते आराखडा सांगतो. त्या साली कोणती फुलझाडं मिळत होती, काय भावानं मिळत होती, ते सूचिपत्र सांगतं. एखादी जात कधी आली आणि कधी गायब झाली, तेही त्यातच सापडतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. जाहिरात म्हणजे साक्षीदार खरा, पण थोडा फुशारकी मारणारा! चित्रातला भोपळा गाडीएवढा असतो, म्हणून खरा भोपळा तेवढा नसतो. नाव, किंमत आणि साल यांवर बराचसा भरवसा ठेवावा. आकारावर आणि स्तुतीवर नाही.

आता पुन्हा पलूसला येऊ. या भागाची ओळख म्हणजे द्राक्षबागा. शेजारच्या तासगावानं तर 'तास-ए-गणेश' या जातीला आपलं नाव दिलं! पूर्वी वेल मांडवावर चढवत, आता बऱ्याच ठिकाणी 'वाय' आकाराचे लोखंडी सांगाडे दिसतात. पूर्वी वेल स्वतःच्याच मुळांवर वाढे, आता 'डॉगरिज'सारख्या खुंटावर डोळा बांधतात. आपल्या रानात हा बदल कोणत्या साली झाला? ते कुठल्याही जाड पुस्तकात मिळायचं नाही. ते असतं कृषी सेवा केंद्राच्या जुन्या दिनदर्शिकेत, रोपवाटिकेच्या पावतीत आणि आजोबांच्या वहीत, जिथं दोन ओळींतलं अंतर फुटांत लिहून छाटणीची तारीख टिपलेली असते. उद्या बाग मोडून तिथं ऊस आला, तर ती बाग फक्त त्या वहीतच उरेल. आणि वहीच रद्दीत गेली तर?

म्हणून यंदा गाठोडं खाली आलं की आधी तुम्ही उघडा. बागेचा, बियाण्याचा, कलमाचा कागद दिसला की बाजूला काढा. त्यावर काही चिकटवू नका, गिरवू नका. कोऱ्या कागदात घालून कोरड्या जागी ठेवा. कुणाचा, कुठला, कोणत्या सालचा, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. आजी-आजोबा असतील तर त्यांना आजच विचारा, "ही खूण कसली केलीय?"

मला ते विचारायचं राहून गेलं. तुमचं राहू देऊ नका.