सायकल कुणाच्या नावावर?

घरकामगारांच्या पगारवाढीसाठी आमच्या गटाची बैठक चालू होती. धुण्याचे किती, भांड्यांचे किती, केर-फरशीचे किती, असा हिशोब आम्ही फळ्यावर मांडत होतो. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली एक मैत्रीण अर्धा तास उशिरा आली. फळ्याकडे बघत ती म्हणाली, "यात माझं चालणं कुठं लिहिलंय?"

चालणं आम्ही लिहिलंच नव्हतं. ती रोज म्हात्रे पूल ओलांडून कर्वेनगरात चार घरी कामाला जाते. जायचे चार किलोमीटर, यायचे चार. रोजचे पावणेदोन तास, बिनपगारी. बसनं का जात नाहीस, असं आमच्यातल्याच एकीनं विचारलं. पुण्यात बसचा महिन्याचा पास जून २०२५ मध्ये ९०० रुपयांवरून १५०० वर गेला. तिला एका घरी भांड्यांचे १५०० मिळतात. म्हणजे एका घरची भांडी महिनाभर नुसत्या बसपायी घासायची! एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट आहे, पण म्हात्रे पुलावरून कर्वेनगरात जायला एसटी काय कामाची?

"मला एक जुनी सायकल बघून द्या, ताई. परवडेल अशी," ती म्हणाली. लहानपणी गावाकडे वडिलांच्या सायकलच्या नळीतून पाय घालून ती हाफ पायडल मारायची. 'मोठी' झाली तशी सायकल बंद झाली, आणि ती कायमची.

घरात सायकल नव्हती असं नाही. मुलाची होती, पंक्चर होऊन सहा महिने जिन्याखाली पडलेली. तिचे हप्ते आईनंच फेडले होते. पण पावती मुलाच्या नावची. "मला लागेल कधीतरी," असं त्यानं सांगितल्यावर विषय संपला. मी म्हटलं, भांडू या. ती म्हणाली, "भांडेन, पण उद्या सकाळी सहाला कामावर जायचंय त्याचं काय?" तेव्हा बचत गटातून तीन हजारांचं कर्ज घ्यायचं ठरलं आणि आम्ही दोघी सायकल शोधायला निघालो.

पहिल्यांदा रविवारी जुन्या बाजारात गेलो. तिथे स्वस्त होत्या, पण कुणी पावती द्यायला तयार नव्हतं. फ्रेमवरचा नंबर घासून काढलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. चोरीची निघाली तर पोलीस चौकीत उत्तर द्यायला बाईलाच उभं राहावं लागतं, आणि कामवाल्या बाईकडे चौकीत कोणत्या नजरेनं बघतात हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

मग पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार बोलत होता माझ्याशी. ज्या बाईला सायकल चालवायची होती तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. त्यानं पुढं केली गिअरची, जाड टायरची, पुढं शॉकअप असलेली चकचकीत सायकल. खरं सांगायचं तर मलाही ती आवडली. "घे ना, गिअर आहेत, दमणार नाहीस," असं मी म्हणून गेले. तिनं सायकल एका हातानं उचलून बघितली आणि खाली ठेवली. "ही जड आहे. आणि बिघडली तर आमच्या कोपऱ्यावरचा काका दुरुस्त करील का?"

तिचंच बरोबर होतं. स्वस्तातल्या सायकलचा शॉकअप नुसतं वजन वाढवतो आणि पायडलवर लावलेल्या जोरातला काही भाग गिळून टाकतो. गिअर बिघडले की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात वर करतो. सपाट रस्त्यावर चार किलोमीटर जायला साधी लोखंडी सायकल पुरते, आणि तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. रोज चालवणारी बाई काय मागते ते आधी ऐकावं, हा आमच्या चळवळीतला जुना धडा मी त्या दुकानात विसरले होते.

शेवटी सायकल मिळाली ती त्या कोपऱ्यावरच्या काकांकडेच. एका सोसायटीतल्या आजोबांनी विकायला ठेवलेली काळी लेडीज सायकल. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, चेनला पूर्ण कव्हर, मागे कॅरियर. काकांनी शिकवलं ते मी इथे लिहिते, कारण ते पुरुषांच्या गप्पांतच राहतं, आपल्यापर्यंत पोचत नाही.

आधी फ्रेम बघायची. नळ्यांच्या सांध्यांपाशी तडा किंवा नव्यानं केलेलं वेल्डिंग असेल तर सायकल सोडून द्यायची. एवढ्याच जागी ताजा रंग असेल तर खाली काय दडलंय ते विचारायचं. मग एकेक चाक उचलून फिरवायचं. ब्रेकच्या रबरांजवळून जाताना ते डुलत असेल तर चाक 'आऊट' आहे. थोडं असेल तर तारा आवळून सुटतं, पण रिम गंजून पोखरली असेल तर नवी घालावी लागते. पायडलचा दांडा धरून डावी-उजवीकडे हलवायचा. खडखडला तर आतले बॉल झिजलेत. हँडल वळवताना मध्येच अडतं का बघायचं. सगळ्यात शेवटी बसून, ब्रेक दाबून, गल्लीच्या टोकापर्यंत चालवून यायची. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकची रबरं थोड्या पैशांत बदलता येतात, म्हणून त्यांच्या नावावर भाव पाडून मागायचा. फ्रेम बदलता येत नाही.

आजोबांनी २८०० सांगितले होते, २२०० ला दिली. मागचं टायर-ट्यूब, रबरं आणि ओव्हरहॉलिंगचे ६५० झाले. एकूण २८५०, म्हणजे बसच्या दोन महिन्यांच्या पासापेक्षाही कमी. आजोबा पावती लिहायला बसले आणि विचारलं, "मुलाचं नाव काय?" ती म्हणाली, "माझं नाव घाला. आणि फ्रेमचा नंबर पण."

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची आठवण इथे होतेच. तिथे १९९१-९२ मध्ये साक्षरतेच्या 'अरिवोळी इयक्कम'नं बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. शेतमजूर, दगडखाणीतल्या मजूर, बालवाडीताई सायकलवर बसल्या. पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन हे लिहून ठेवलं आहे. लेडीज सायकली पुऱ्या पडेनात तेव्हा बायांनी जेंट्‌स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. मात्र हे सगळं नुसत्या उत्साहावर झालेलं नाही. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलींसाठी बँकांना कर्ज द्यायला लावलं होतं.

आपल्या राज्यकर्त्यांना सायकल आठवते ती बहुधा शाळकरी मुलीसाठी. बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी २००० रुपये द्यायला सुरुवात केली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या. त्याचं स्वागतच आहे. पण शाळा सुटली की ती सायकल भावाकडे जाते आणि मुलगी कामावर पायी जाऊ लागते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. मंडळाच्या योजनांत कामाला जाण्यायेण्याच्या साधनाचा विचार व्हावा, ही मागणी आपण का करू नये?

सायकल मिळाली म्हणून गोष्ट संपली नाही. पहिले आठ दिवस ती रात्री मैदानावर सराव करत होती. टवाळ पोरांचे शेरे ऐकून घेतले, एकदा गुडघा फोडून घेतला. कामावर गेली तर एका सोसायटीच्या वॉचमननं सांगितलं, "कामवाल्यांच्या सायकली आत लावायच्या नाहीत." सायकल रस्त्यावर ठेवायची म्हणजे चोरीला आमंत्रणच. आम्ही चौघी सेक्रेटरींना भेटलो. वॉचमनचा दोष नव्हता, ठरावच तसा होता. दोन भेटींनंतर मागच्या भिंतीशी जागा मिळाली. दुसऱ्या एका सोसायटीत अजून मिळालेली नाही. तिथे ती सायकल पंपाच्या खोलीशेजारच्या खांबाला साखळीनं बांधते.

आता तिला जायला वीस मिनिटं लागतात. रोजचा तासभर वाचतो. त्या वेळात पाचवं घर धर, असं घरातून लगेच सुचवलं गेलं. तिनं अजून धरलेलं नाही. संध्याकाळी अर्धा तास ती पाय पसरून बसते, असं तिनंच बैठकीत सांगितलं. तेव्हा सगळ्याजणी हसल्या, पण मला वाटतं, पगारवाढीइतकीच ही मिळकत मोठी आहे. मध्यंतरी मुलानं क्लासला जायला सायकल मागितली. तिनं त्याला त्याच्या सायकलचं पंक्चर काढायला वीस रुपये दिले.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या गटात एवढं कराच. पगाराचा हिशोब मांडताना जाण्यायेण्याचा वेळ फळ्यावर लिहा. बचत गटाच्या कर्जात सायकल बसवा. सायकल पारखणारी एक तरी बाई गटात तयार करा. सोसायटीशी पगाराचं बोलताना सायकल लावायच्या जागेचंही बोला. आणि सायकल जुनी असो की नवी, पावती चालवणारीच्या नावावर करून घ्या.

— संपादक मंडळासाठी