एका पानावर दोन लिपी

देवनागरीत ‘कल्ब’ लिहिले, तर वाचणाऱ्याने हृदय समजावे की कुत्रा? अरबीत दोन्ही शब्दांचा ‘क’ वेगळा. मराठी अक्षरांत तो फरक उरत नाही. म्हणून मराठी पुस्तकात अर्थाबरोबर मूळ अरबी आयतही हवी. पण ती कधी तुटक, कधी उलट्या अक्षरांत छापली जाते आणि आपण छपाईवाल्याला बोल लावतो. चूक बहुधा आधीच, अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये झालेली असते.

डावीकडून मराठी आणि उजवीकडून अरबी एकाच पानावर नीट जुळवणारे झीटेक मोफत मिळते. २००४ साली ते मॅकसाठी आले; आज विंडोज आणि लिनक्सवरही चालते. मात्र ते बसवतानाच लक्ष द्यावे. विंडोजवर मिकटेकला लागतील ती पॅकेजेस आपोआप उतरवू द्या. उबुंटूवर झीटेकचे आणि अरबीचे पॅकेज वेगळे मागवा. मॅकटेकमध्ये सगळे एकत्र येते. एडिटरमध्ये पीडीएफलेटेकऐवजी झीलेटेक निवडा. फॉन्टच्या फाइल पुस्तकाच्याच फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच घ्यायला सांगा. नाहीतर दुसऱ्या संगणकाला तो फॉन्ट सापडणार नाही.

शेवटी अरबी जाणणाऱ्याकडून प्रुफे तपासून घ्या. अल्लाहचा कलाम आपल्याकडे अमानत आहे. त्यासाठी एक दुपार खर्च झाली, तर बिघडले कुठे?