ड्रिल घेताना आधी बॅटरी पाहा

घरातील लहानसहान कामे आपल्या हातांनी करावीत, ही हौस मध्यमवर्गीय कुटुंबांत आता चांगलीच रुजली आहे. पडद्याचा दांडा बसवणे, पुस्तकांसाठी फळी लावणे, खोक्यातून सुटे आलेले कपाट जोडणे अशा कामांसाठी सुतार वेळेवर मिळत नाही आणि मिळाला, तरी दोन छिद्रांसाठी फेरी मारण्यास तो सहसा राजी नसतो. साहजिकच कॉर्डलेस ड्रिल ही चैनीची वस्तू न राहता गृहोपयोगी वस्तूंच्या यादीत येऊन बसली आहे. बँकेतील बदलीच्या नोकरीमुळे दर तीन-चार वर्षांनी नवे घर लावणाऱ्या आपल्या कर्मचारी बंधू-भगिनींना तर तिची उपयुक्तता वेगळी सांगायला नको.

मात्र या खरेदीची चर्चा बहुधा ‘कोणत्या कंपनीचे घ्यावे?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न आपल्या भिंतीचा, दुसरा बॅटरीचा आणि त्यानंतर कंपनीचा. हा क्रम उलटा झाला, की हौसेने घेतलेले महागडे यंत्र माळ्यावर जाते आणि पडद्यासाठी पुन्हा सुतारालाच बोलवावे लागते.

यंत्राचा थोडा इतिहास

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९१० मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक अँड डेकर या कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्ये मिळाले. आजही ड्रिलचा आकार मूलतः तोच आहे. याच कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. जपानच्या माकिता कंपनीने १९७८ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीचे ७.२ व्होल्टचे ड्रिल काढले. त्या काळातील बॅटऱ्या जड होत्या आणि त्यांतील ऊर्जा लवकर संपत असे. २००५ च्या सुमारास लिथियम-आयन बॅटरी या अवजारांत आली आणि चित्र पालटले. ज्या तिघा शास्त्रज्ञांच्या संशोधनातून ही बॅटरी घडली, त्यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या खिशातील मोबाइल आणि हातातील ड्रिल ही एकाच संशोधनाची फळे आहेत.

प्रथम भिंत ओळखा

परदेशांतील लेख आणि जाहिराती वाचून ड्रिल निवडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या आतील भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. तेथे बारा व्होल्टचे छोटे यंत्रही पुष्कळ होते. आपल्याकडे विटांची भिंत, सिमेंटचा गिलावा आणि काँक्रीटचे खांब-तुळया असतात. मोठ्या शहरांतील नव्या उंच इमारतींत तर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या भिंती सर्रास आढळतात. याउलट हलक्या एएसी ठोकळ्यांची भिंत इतकी मऊ असते, की तिथे ठोके देणारे यंत्र वापरल्यास छिद्र मोठे होऊन गिट्टी सैल बसते.

पडद्याचा दांडा लावताना यंत्र अचानक ‘दमते’, अशी तक्रार अनेकजण करतात. त्याचे कारण साधे आहे. खिडकीच्या वर विटा नसून काँक्रीटची लिंटल असते. साध्या ‘हॅमर ड्रिल’मध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक ठोके निर्माण होतात. विटांना ते पुरतात, पण पक्क्या काँक्रीटपुढे फारसे चालत नाहीत. काँक्रीटसाठी ‘रोटरी हॅमर’ लागतो. त्यात हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या जोरकस ठोका देतो आणि एसडीएस पद्धतीचे खाचेचे बिट वापरावे लागते. बिटही कार्बाइडच्या टोकाचे, चांगल्या प्रतीचे हवे. बोथट बिट लावून यंत्राला दोष देणे हे नाचता येईना अंगण वाकडे म्हणण्यासारखे आहे.

छिद्राच्या जागेचाही विचार आधीच करावा. भिंतीतील विजेच्या नळ्या बटणापासून बहुधा सरळ उभ्या किंवा आडव्या गेलेल्या असतात. तेव्हा बटणाच्या बरोबर वर, खाली अथवा बाजूच्या रेषेत छिद्र पाडणे टाळावे. डोळ्यांना चष्मा आणि नाकावर चांगला मुखवटा यांना पर्याय नाही, कारण काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते.

खरेदी यंत्राची, बंधन बॅटरीचे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कॉर्डलेस अवजार घेणारा ग्राहक यंत्राबरोबर त्या कंपनीच्या बॅटरीच्या कुळातही प्रवेश करतो. आज ड्रिल घेतले, उद्या जिगसॉ लागली, परवा ग्राइंडर, तर त्याच बॅटरीवर चालणारी सुटी यंत्रे कमी किमतीत मिळतात. ही सोय खरी आहे, परंतु दुसऱ्या कंपनीचे दार त्याच वेळी बंद होते. अनेकदा एकाच छताखालील दोन नावांतही बॅटऱ्यांची अदलाबदल होत नाही. बॉशच्या निळ्या, व्यावसायिक यंत्रांची बॅटरी त्याच कंपनीच्या हिरव्या, घरगुती यंत्रांना बसत नाही. डीवॉल्ट आणि ब्लॅक अँड डेकर यांची मालक कंपनी एकच असली, तरी त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत. माकिताने २०१९ मध्ये आणलेली ४० व्होल्टची मालिका तिच्याच जुन्या १८ व्होल्टच्या यंत्रांना चालत नाही.

म्हणून दुकानदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा : ही बॅटरी किती वर्षांपासून याच रूपात मिळते आहे आणि सुटी बॅटरी आज केवढ्याला पडते? माकिताची १८ व्होल्टची लिथियम मालिका २००५ पासून चालू आहे. इतका दीर्घ काळ टिकलेले कूळ हे टिकाऊपणाचे चांगले लक्षण मानावे. ज्या यंत्राची सुटी बॅटरी बाजारात मिळतच नाही, ते कितीही स्वस्त असले तरी वापरा आणि फेका याच जातीचे समजावे.

दुसरी बाब बॅटरीच्या वयाची. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते. उष्णता आणि पूर्ण चार्ज करून ठेवण्याची सवय ही तिच्या अकाली वार्धक्याची दोन प्रमुख कारणे आहेत. नागपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यात बंद मोटारीत वा पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेली बॅटरी एका उन्हाळ्यात बरेच आयुष्य गमावते. निम्मी भरून, घरातील थंड जागी ठेवलेली बॅटरी अधिक वर्षे साथ देते. पण वर्षातून जेमतेम पाच छिद्रे पाडणाऱ्याने बॅटरीत पैसे गुंतवावेतच का, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. तारेचे ड्रिल पाच वर्षांनी काढले तरी चालते. त्याचे कार्बन ब्रश झिजले, तर नवे ब्रश थोड्या पैशांत मिळतात.

आकड्यांचे मायाजाल

डब्यावरील ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट’ या दोहोंत शक्तीचा फरक नाही. दोन्हींत ३.६ व्होल्टचे पाच घट असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक घट चार व्होल्टच्या आसपास जातो म्हणून वीस, काम करताना सरासरी अठरा. ‘१२ व्होल्ट’च्या यंत्रात तीन घट, म्हणजे प्रत्यक्षात १०.८ व्होल्ट असतात. काही स्वस्त यंत्रांवर ४८ किंवा ८८ असे डोळे दिपवणारे आकडे छापलेले दिसतात. आत पाचच घट असतील, तर पूर्ण भरलेल्या अवस्थेतही २१ व्होल्टहून अधिक मिळणे शक्य नाही.

तुलनेसाठी खरा आकडा वॅट-तासांचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास हा गुणाकार करावा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांची बॅटरी ३६ वॅट-तासांची, तर ५ अँपिअर-तासांची ९० वॅट-तासांची होते. बदलीवर विमानाने जाणाऱ्यांना हा आकडा आणखी एका कारणाने उपयोगी आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत आणि जवळच्या सामानात विशेष परवानगीविना १०० वॅट-तासांपर्यंतच नेता येतात. यंत्र मात्र चेक-इन सामानातच द्यावे लागते.

कंपनी कशी निवडावी

आता तिसरा प्रश्न. बॉश, माकिता, डीवॉल्ट, हायकोकी ही नावे नामांकित आहेत आणि घरगुती कामासाठी यांपैकी कोणतेही यंत्र कमी पडणार नाही. यांतील अमके तमक्यापेक्षा श्रेष्ठ, हा वाद दिवसभर यंत्र चालवणाऱ्या कारागिराच्या पातळीवर रंगतो; महिन्यातून अर्धा तास काम करणाऱ्याला तो फरक जाणवणार नाही. आपल्या मातीतील उद्योगही या क्षेत्रात मागे नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथील कुलकर्णी पॉवर टूल्स, म्हणजे आजची केपीटी इंडस्ट्रीज, अनेक दशके विजेची अवजारे बनवत आली आहे.

घरगुती ग्राहकाने नावापेक्षा सेवाकेंद्राला महत्त्व द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. आपण राहतो त्या शहरात आणि बदलीच्या नोकरीत असल्यास जिल्ह्याच्या ठिकाणीही कंपनीचे अधिकृत केंद्र आहे का, हमीत बॅटरी व चार्जर येतात का की केवळ यंत्र, ही चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता असलाच पाहिजे. ऑनलाइन खरेदीत वस्तूचा मूळ देश दाखवणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार आवश्यक आहे. पक्के बिल न देणाऱ्याकडून बॅटरीची वस्तू घेऊच नये. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्राला जोडणारे स्वस्त ॲडॉप्टरही टाळावेत, कारण त्यांत संरक्षक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा निकामी होण्याचा आणि त्यामुळे आगीचा धोका संभवतो.

हप्त्यांविषयीही दोन शब्द लिहिणे बँकेच्या या नियतकालिकात अस्थानी ठरू नये. ‘शून्य टक्के व्याज’ ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज सोडलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते. पाच यंत्रांचा संच हप्त्यावर घेऊन त्यांतील चार यंत्रे न वापरणे, ही बचतीची रीत नव्हे.

माझा पर्याय

मग सर्वसाधारण कुटुंबाने काय घ्यावे? माझे उत्तर असे की, एका बड्या यंत्राऐवजी दोन साधी यंत्रे घ्यावीत. विटांच्या भिंतीसाठी तारेचे ५०० ते ६०० वॅटचे, १३ मिलिमीटर चकचे इम्पॅक्ट ड्रिल घ्यावे. लाकूड, प्लाय व स्क्रूच्या कामासाठी बारा व्होल्टचे हलके कॉर्डलेस ड्रिल-ड्रायव्हर पुरते. त्याचा वेग कमी आणि क्लच नेमका असल्याने स्क्रूचे डोके खराब होत नाही. भिंती अखंड काँक्रीटच्या असतील, तर इम्पॅक्ट ड्रिलच्या जागी लहान रोटरी हॅमर घ्यावा. १८ व्होल्टच्या कुळात प्रवेश करण्याची घाई, किमान तीन यंत्रांचा नियमित वापर होणार असल्याची खात्री पटल्याशिवाय करू नये.

यावर आक्षेप येईल, की तार हीच मोठी अडचण आहे. गच्चीवर, शिडीवर किंवा वीज गेल्यावर कॉर्डलेसला तोड नाही. हे मला मान्य आहे. ज्यांची कामे अशाच ठिकाणी असतात, त्यांनी १८ व्होल्टचे यंत्र अवश्य घ्यावे, मात्र त्याची किंमत सोयीची किंमत म्हणून जाणीवपूर्वक मोजावी. आणखी एक मार्ग सहकाराचा. चाळीस सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेने एक चांगला रोटरी हॅमर घेऊन नोंदवहीत सही करून तो सभासदांना वापरू दिला, तर चाळीस डबे चाळीस माळ्यांवर पडून राहणार नाहीत. महाराष्ट्राला ही सहकाराची वाट परकी नाही.

एक सार्वजनिक अपेक्षा

शेवटी एक मागणी. मोबाइलला एकच चार्जर असावा, हे युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून बंधनकारक केले. अवजारांच्या बॅटऱ्यांबाबत मात्र प्रत्येक कंपनीची खाच निराळीच आहे. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये आणि बॉशच्या पुढाकाराने २०२० मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन सामाईक बॅटरी स्वीकारली, ही स्वागतार्ह सुरुवात आहे. पण ती गटांपुरतीच आहे. आपल्या देशात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये आले. त्यांनुसार निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर, तर त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देण्याची जबाबदारी आपणा ग्राहकांवर आहे. कचऱ्याची वाट नियमाने आखली गेली. आता त्याचे मूळ कमी करण्यासाठी सामाईक बॅटरीच्या मानकाचाही विचार व्हावा.

तोवर निर्णय ग्राहकाच्याच हाती आहे. कर्ज घेताना पहिल्या हप्त्याबरोबर अखेरच्या हप्त्यापर्यंतचा हिशोब आपण पाहतो. बॅटरीच्या अवजारालाही तीच कसोटी लावावी आणि तिसऱ्या, चौथ्या वर्षी नवी बॅटरी कुठे व केवढ्याला मिळेल, याचे उत्तर हाती आल्यावरच पैसे मोजावेत.