जुनी फ्लॉपी भंगारात देऊ नका

सीबीडी बेलापूरहून एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. विहारातील कपाट आवरताना त्यांना बुटाच्या खोक्यात तीस-चाळीस फ्लॉप्या सापडल्या. काहींवर बॉलपेनने 'जयंती वर्गणी', 'वधू-वर', 'स्मरणिका' असे लिहिलेले आहे. दोन-तीनवर 'परदेशची पत्रे' एवढेच. तरुण मंडळी म्हणतात, आता या कोण वाचणार, भंगारात द्या. वडीलधारी म्हणतात, राहू द्या, कधीतरी उपयोगी पडतील. बंधू विचारतात, कोणाचे ऐकावे?

आमच्या मते वडीलधाऱ्यांचे. मात्र नुसते 'राहू द्या' म्हणून भागणार नाही. फ्लॉपी ही तांब्याच्या भांड्यासारखी पिढ्यानपिढ्या माळ्यावर ठेवण्याची वस्तू नव्हे. ती ठेवल्या जागी मरते, आणि मेल्याचे बाहेरून कळतही नाही.

'परदेशची पत्रे' फ्लॉपीवर कशी आली, हा प्रश्न आजच्या मुलांना पडेल. त्यांना सांगावे, की विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून चाले. जोडणी चालू असेपर्यंत फोनचे बिल चढत असे आणि वर्गणीचे तासही संपत असत. कामगाराच्या घरी संगणक कुठला? कोणी कचेरीतून, कोणी कॉलेजातून, कोणी ओळखीच्या डी.टी.पी. करणाऱ्याकडून ई-पत्रे उतरवून घेई, फ्लॉपीवर साठवी आणि जोडणी तोडून मग निवांत वाची. परदेशी गेलेल्या आपल्या भावाबहिणींनी तिथून लिहिलेला मजकूर, सभांची निमंत्रणे, ठराव, वादविवाद हे सगळे अशाच चकत्यांवरून हातोहात फिरत असे. त्या काळातील समाजाचे बोलणे आज कुठे शिल्लक असेल, तर ते अशा खोक्यांतच असण्याचा संभव अधिक.

बेलापूरकरांना या बाबतीत एक गोष्ट ठाऊक असावी. सेक्टर ७ मध्ये खारघर स्टेशनसमोर सी-डॅकची वास्तू आहे. १९८५ साली स्थापन झालेली एन.सी.एस.टी. ही संस्था २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील शिक्षणसंस्थांची ई-पत्रे परदेशी जात ती याच एन.सी.एस.टी.च्या दारातून. संस्था तेव्हा जुहूला होती. तिचे प्रमुख डॉ. एस. रमाणी यांचा २०१४ साली 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. म्हणजे जिच्यातून या देशाची पहिली ई-पत्रे गेली, तिचा वारसा आज आपल्याच उपनगरात आहे.

आता कागद आणि फ्लॉपी यांतला फरक पाहू. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी. त्यांचे अंक ज्यांनी जपले त्यांच्यामुळे १९९० साली महाराष्ट्र शासनाला ते पुन्हा ग्रंथरूपाने छापता आले. सत्तर वर्षांपूर्वीचा कागद पिवळा पडला होता, पण डोळे असलेल्या माणसाला तो वाचता येत होता. कागदालाही भय आहेच. १९६७ साली दिल्लीच्या अलीपूर रोडवरील घराच्या अंगणात बाबासाहेबांचे कागद पावसात भिजले, ही जखम आपल्या समाजाला माहीत आहे. पण तिथे निदान काय भिजते आहे ते दिसत तरी होते. फ्लॉपीचे तसे नाही. तिला तीन कुलपे असतात. ती वाचणारे यंत्र हवे, फाईल उघडणारा प्रोग्राम हवा आणि मराठी मजकूर असेल तर तेव्हाचा फॉण्ट हवा. यातले एक जरी नसले, तरी मजकूर असून नसल्यासारखा.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात जानेवारी १९९४ मध्ये 'डिजिटल नगरी' सुरू झाली. सामान्य नागरिक तारेवरून एकमेकांशी बोलत. १५ जानेवारी १९९६ रोजी तिची एक पूर्ण नक्कल टेपवर घेतली गेली. पुढे तो काळ पुन्हा उभा करायचा ठरला तेव्हा २०११ साली तिथल्या म्युझियमला लोकांना आवाहन करावे लागले, की घरातील जुने संगणक, चकत्या, टेपा घेऊन या. कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील जगभरच्या लोकांचे संगणकी संदेश १४१ टेपांवर जपले. २००१ साली ते लोकांना खुले झाले. प्राणिशास्त्राच्या खात्यात! ज्याचे ते काम नव्हते त्याने केले, आणि ज्यांचे काम होते त्यांच्याकडे काहीच उरले नव्हते.

आता बेलापूरच्या बंधूंनी काय करावे ते सांगतो. कोणतीही फ्लॉपी यंत्रात घालण्याआधी तिच्यावर काही लिहिले जाणार नाही अशी तजवीज करावी. लहान, म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकती खिट्टी असते. ती सरकवून छिद्र उघडे केले की फ्लॉपी सुरक्षित. मोठ्या, सव्वापाच इंची फ्लॉपीचे नेमके उलटे. तिच्या कडेची खाच अपारदर्शक चिकटपट्टीने बंद केली की ती सुरक्षित. या उलटसुलट प्रकाराने पूर्वी भल्याभल्यांना फसवले आहे.

मग पत्र्याची झडप हळूच सरकवून आतली चकती उजेडात पाहावी. आपल्याकडचा पावसाळा दमट. चकतीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी. अशी फ्लॉपी यंत्रात मुळीच घालू नये. तिचा लेप खरवडला जातो, यंत्राचे डोके घाण होते आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्यांचाही घात होतो. ती वेगळी ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारा, यू.एस.बी.ने जोडायचा ड्राइव्ह आजही विकत मिळतो. सोनी कंपनीने फ्लॉपी बनवणे २०११ साली थांबवले, ड्राइव्ह मात्र अजून मिळतात. सव्वापाच इंचीसाठी जुनाच ड्राइव्ह शोधावा लागेल आणि त्याला 'ग्रीसवीझल' किंवा 'क्रायोफ्लक्स' नावाचे छोटे यंत्र जोडावे लागेल. इंजिनिअरिंगला असलेल्या पोरांना हे काम द्या, ती आनंदाने करतील.

फ्लॉपी घातल्यावर कधीकधी संगणक विचारतो, 'ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?' उत्तर एकच. नाही! फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. संगणकाला वाचता आले नाही याचा अर्थ चकती कोरी आहे असा होत नाही. एकेक फाईल उघडत बसण्याऐवजी आधी सबंध फ्लॉपीची हुबेहूब नक्कल काढावी. तिला 'इमेज' म्हणतात. एका फ्लॉपीत जेमतेम १.४४ मेगाबाइट मावते. सगळे खोके आजच्या पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात बसेल. पुढची सारी खटपट नकलेवर करावी, मूळ चकतीला पुन्हा हात लावू नये.

तिसरे कुलूप मराठीचे. आणि खरे सांगायचे तर, इथेच बहुतेक जण हरतात. तेव्हा श्री-लिपी, आकृती, आय.एस.एम. यांवर आपले डी.टी.पी. चाले. या फॉण्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असे, आणि प्रत्येक कंपनीची बैठक निराळी. आज ती फाईल उघडली की स्मरणिकेच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मुले म्हणतात, खराब झाली, टाकून द्या. ती खराब झालेली नसते! मजकूर जागेवर असतो, फक्त मुखवटा गेलेला असतो. खोक्यातील इतर फ्लॉप्या तपासाव्यात. डी.टी.पी.वाला बहुधा फॉण्टही सोबत देत असे, त्या फाईलच्या नावाअखेर 'टी.टी.एफ.' असते. फॉण्ट मिळाला की पान पूर्वीसारखे दिसते. नंतर त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. त्यासाठी फॉण्टनिहाय परिवर्तक मिळतात. रफार आणि जोडाक्षरे मात्र ते हमखास चुकवतात. 'धर्म', 'वर्षावास' अशा शब्दांवर वडीलधाऱ्यांपैकी कोणाची तरी नजर फिरली पाहिजे.

वधू-वर यादीविषयी एक सूचना. तिच्यात मुलींची वये, पत्ते, पगार, क्वचित घटस्फोटाचा उल्लेखही असतो. त्या मुली आज आज्या झाल्या असतील. फाईल उघडली म्हणून ती व्हॉट्सॲपवर फिरवू नये. विहाराच्या दोघा जबाबदार व्यक्तींकडे ती बंद ठेवावी. परदेशच्या पत्रांचेही तेच. लिहिणारा हयात असेल तर त्याला विचारावे.

एरवी वर्गणीच्या याद्या, सभांची इतिवृत्ते, स्मरणिका यांचा छापील उतारा काढून विहारात ठेवावा. कोकण भवनात जातपडताळणीसाठी ज्यांनी खेटे घातले आहेत, त्यांना जुन्या कागदावरील आजोबांच्या नावाची किंमत आम्ही सांगायला नको. उताऱ्याच्या पहिल्या पानावर मूळ फ्लॉपीवर काय लिहिले होते, ती कोणी उघडली आणि कोणत्या तारखेला, एवढे शाईने नोंदवावे. ज्या फ्लॉप्या उघडल्या नाहीत त्यांचीही यादी करावी आणि त्या कोरड्या डब्यात, लाऊडस्पीकरपासून लांब ठेवाव्यात. विहारात लाऊडस्पीकर कपाटालगतच ठेवलेला असतो, म्हणून मुद्दाम लिहिले. त्यातले चुंबक फ्लॉपीचा वैरी आहे.