विश्लेषण : तापलेला लॅपटॉप मंद का होतो?

उन्हाळ्यात लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो, व्हिडीओ अडखळतो आणि ‘मशीन जुने झाले’ म्हणत नव्याची चौकशी सुरू होते. पण अनेकदा कारण वय नसून उष्णता असते. स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरच वेग घटवतो. यालाच ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात.

वेग घटतो कसा?

चिपमध्येच तापमान मोजणारे सेन्सर असतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरसाठी कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठताच चिप आपला क्लॉक स्पीड आणि व्होल्टेज कमी करते. विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे थोडा वेग सोडला तरी उष्णता बरीच कमी होते. तरीही तापमान चढतच राहिले तर संगणक बंद पडतो.

उन्हाळ्यात त्रास अधिक का?

पंखा चिपची उष्णता खोलीतील हवेत सोडतो. खोलीचे तापमान २५ अंशांवरून ४० अंशांवर गेले, तर तेवढ्याच कामाला चिपही साधारण १५ अंशांनी अधिक तापते. साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट आणि गादीवर ठेवल्याने बंद होणारी हवेची वाट यांची त्यात भर पडते.

२०१८ मध्ये काय घडले?

दोष दर वेळी धुळीचा नसतो. जुलै २०१८ मध्ये ॲपलने कोअर आय-९ प्रोसेसरचा १५ इंची मॅकबुक प्रो आणला. त्याचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, तर कमाल वेग ४.८ गिगाहर्ट्झ होता. व्हिडीओ संपादनासारख्या जड कामात मात्र तो मूळ वेगाच्याही खाली घसरत असल्याचे परीक्षकांनी मोजून दाखवले. फर्मवेअरमधील उष्णता व्यवस्थापनात एक ‘डिजिटल की’ राहून गेल्याचे मान्य करत कंपनीने २४ जुलैला सॉफ्टवेअर दुरुस्ती दिली.

ग्राहकाने काय पाहावे?

एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प यांसारख्या मोफत साधनांवर तापमान आणि वेग एकत्र दिसतात. प्रोसेसर पूर्ण कामात, तापमान मर्यादेजवळ आणि वेग मूळ वेगाखाली, असे तिन्ही एकाच वेळी दिसले तर थ्रॉटलिंग समजावे. तापमान कमी असूनही वेग पडत असेल, तर चार्जर आणि पॉवर सेटिंग तपासावे. नव्या लॅपटॉपवर खर्च करण्याआधी साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट हा स्वस्त उपाय करून पाहावा. नवा घ्यायचाच असेल, तर खोक्यावरील कमाल वेगावर जाऊ नये. तो थोडाच वेळ मिळतो. अर्धा तास जड काम केल्यानंतर टिकणारा वेग किती, हे विचारावे.