उपास कैद्याचा, सोवळे सरकारचे

तुरुंगातील कैद्याला उपास करण्याचा, नमाज पढण्याचा किंवा एखादे अन्न वर्ज्य मानण्याचा हक्क आहे काय, असा प्रश्न निघाला की पुरोगामी वर्तुळात दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर, तुरुंग म्हणजे काही खानावळ नव्हे. हे उत्तर प्रस्थापितांच्या तोंडी शोभते. पण कामगार चळवळीत केस पिकलेली माणसेही ते देतात, हे आश्चर्य. दुसरे उत्तर अधिक सभ्य दिसते : कैद्याला आधी पुरेशी भाकरी, औषध आणि वकील मिळू द्या, देवधर्माचे मागाहून पाहता येईल. दोन्ही उत्तरांमागे एकच गृहीत दडलेले आहे. भारतीय तुरुंगाने आजवर धर्माला उंबऱ्याबाहेर ठेवले होते आणि आता कोणी तरी तो आत आणू पाहत आहे, असे ते गृहीत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आपल्या तुरुंगांच्या मुदपाकखान्यात धर्माच्या नावाने जात दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसली होती, आणि तिला तेथे पाट मांडून दिला होता तो सरकारी नियमांनी.

एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत कंपनी सरकारने बंगाल इलाख्याच्या तुरुंगांत सर्व कैद्यांचा एकत्र स्वयंपाक सुरू करण्याचा घाट घातला. त्याआधी कैदी आपापले शिजवून खात. या नव्या व्यवस्थेला ठिकठिकाणी विरोध झाला. पुढे १८५५ साली बिहारमधील आरा आणि मुझफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्यात आली, तेव्हा दंगे उसळले. मुझफ्फरपुरात तर गावातले आणि आसपासचे लोक कैद्यांच्या बाजूने रस्त्यावर आले आणि लोटे परत द्यावे लागले. त्या दंग्यात निव्वळ सोवळ्याओवळ्याचा अभिमान होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परक्या सत्तेने माणसाच्या हातातले भांडेही हिसकावून घ्यावे, याचा संताप त्यात होता. परंतु सत्तेने त्यातून धडा घेतला तो वेगळाच. कैद्याचा मान राखावा हे तिने कधीच मानले नाही. उच्चवर्णीय कैद्याची जात मात्र दुखवू नये, हे तिने पक्के ध्यानात ठेवले. १८५७ नंतर ही सावधगिरी आणखी वाढली आणि कालांतराने नियमपुस्तकांत उतरली.

त्या नियमपुस्तकांची भाषा वाचण्यासारखी आहे. पश्चिम बंगालच्या तुरुंगसंहितेनुसार अन्न शिजवणारे आणि कोठडीपर्यंत पोचवणारे कैदी ‘योग्य जातीचे’ असावयाचे. सफाईसाठी मेहतर किंवा हाडी जातीचे कैदी निवडावयाचे. इतरांच्या हातचे खाता येणार नाही इतका कोणी कैदी उच्च जातीचा असेल, तर त्यालाच आचारी नेमावे, अशीही सोय होती. राजस्थानच्या १९५१ च्या नियमांत ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू कैदी स्वयंपाकास पात्र ठरत असे. उत्तर प्रदेशच्या नियमावलीत साध्या कैदेच्या माणसाला हलके काम सांगू नये असा दंडक होता. अपवाद एवढाच, की तो अशी कामे करण्याची सवय असलेल्या वर्गातला असेल तर सांगावे. न्यायाधीश गुन्हा पाहून शिक्षा देई, आणि तुरुंगाच्या दारात कारकून जात विचारून तीत भर घाली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही श्रमविभागणी नव्हतीच, श्रमिकांचीच विभागणी होती, डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेविषयी काढलेला हा निष्कर्ष तुरुंगाच्या नोंदवहीत अक्षरशः लागू होता.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९३२ च्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, म्हणून सरकारने नकार दिला. अप्पासाहेबांनी उपोषण आरंभले आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरच्या प्रारंभी उपवास सुरू केला. सरकारचे आश्वासन मिळाल्यावर तो सुटला. या प्रसंगात धर्म कोणाचा होता? विष्ठा उचलण्यासाठी उपाशी राहणाऱ्या कैद्याचा होता की त्याला विटाळापासून वाचवू पाहणाऱ्या गोऱ्या सरकारचा? कैद्याचा सदसद्विवेक एका बाजूला आणि सरकारने जपलेले सोवळे दुसऱ्या बाजूला, हा भेद इतक्या लख्खपणे क्वचितच दिसला असेल.

एवढे होऊनही नियम टिकले. राज्यघटना आली, अस्पृश्यता सतराव्या अनुच्छेदाने संपली, आणि तुरुंगाची संहिता तशीच राहिली. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने जात वा धर्म पाहून स्वयंपाकघर चालवण्यास मनाई केली खरी. पण ती आदर्शच होती, राज्यांना बंधनकारक नव्हती. अखेर पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, राज्यांना तीन महिन्यांत नियमावल्या सुधारण्यास सांगितले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना पुसून टाकण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२४ अखेर केंद्रीय गृह मंत्रालयाने आपल्या आदर्श नियमावलीतही तशी दुरुस्ती घातली. घटना लागू झाल्यावर पंचाहत्तराव्या वर्षी तिने तुरुंगाच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवले, आणि तेही एका वार्ताहराने दार ठोठावले म्हणून. समाजवादी आणि साम्यवादी पक्षांचे किती नेते या काळात तुरुंगांत राहून आले! आणीबाणीत येरवड्याला आणि नाशिकरोडला मिसाबंदी होते. त्यांनी आत अभ्यासवर्ग चालवले, ग्रंथ वाचले. शेजारच्या बराकीत झाडू कोणाच्या हाती आहे, याची चौकशी मात्र चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आली नाही.

मग आता जात गेली, तिच्याबरोबर धर्मही जाऊ द्या, असे कोणी म्हणेल. येथेच गफलत होते. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या मर्यादा त्याला आहेत. तुरुंगाची भिंत ही मर्यादा तेथे लिहिलेली नाही. केवळ शिक्षा झाली म्हणून कैद्याचे सारे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे भुवन मोहन पटनाईक प्रकरणात १९७४ साली आणि सुनील बत्रा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याही आधी, साठच्या दशकात, भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवण्यास सरकारने नकार दिला आणि न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरवला. एका कम्युनिस्टाला विज्ञान लिहू देणारे तत्त्व आणि एका मुसलमानाला पहाटे सहरी करू देणारे तत्त्व वेगळी नाहीत. ज्याला दुसरे नकोसे वाटते त्याने पहिल्याचा अभिमान मिरवू नये.

हा हक्क कोठपर्यंत जातो, हेही सांगितले पाहिजे. तो स्वतःच्या ताटापुरता आहे, दुसऱ्याच्या हातापर्यंत तो पोचत नाही. एकादशीला भात नको, सूर्यास्तानंतर जेवण नको, मांस नको किंवा अमुक मांस नको, असे कैदी म्हणू शकतो. अमक्या जातीच्या वा धर्माच्या माणसाने शिजवलेले नको, असे म्हणण्याचा हक्क त्याला नाही. पहिल्या मागणीने कोणाचा अपमान होत नाही. दुसरीला धर्म म्हणणे हीच धर्माची विटंबना आहे.

कागदावर हे सोपे आहे. पण तुरुंगाचा दिवस कसा चालतो? संध्याकाळचे जेवण उन्हे असतानाच वाटले जाते, गिनती होते, बराकीला कुलूप लागते. रोजा धरणाऱ्याने ते ताट झाकून ठेवायचे आणि सूर्य बुडाल्यावर गार अन्न खायचे. पहाटे कुलूप उघडण्यापूर्वी त्याला खायचे असते, तेव्हा आदल्या रात्रीचे उरले असेल ते. उपासाच्या दिवशी शिधा बदलून मिळाला नाही, तर कॅन्टीनमधून फळे, खजूर विकत घ्यायची. म्हणजे ज्याच्या घरून मनीऑर्डर येते त्याचा उपास सुखाचा, आणि ज्याचे घरच मजुरीवर चालते त्याचा उपास म्हणजे निव्वळ उपासमार. ‘आधी भाकरी, मग धर्म’ म्हणणाऱ्यांनी येथे थांबून पाहावे. हा प्रश्नच भाकरीचा आहे. ठरलेल्या शिध्यातले धान्य कैदी त्या दिवशी घेत नाही, तर त्याच्या किमतीचे दुसरे अन्न त्याला का मिळू नये? सरकारचा एक पैसा जास्त लागत नाही. लागते ती स्वयंपाकघराच्या वेळापत्रकात एक ओळ.

आणि हे सोसणारे कोण? ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती, आणि त्यांतील ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते. म्हणजे चारांपैकी तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचे प्रमाण तेथे त्यांच्या लोकसंख्येहून अधिक आहे. ज्याला शिक्षाच झालेली नाही, त्याच्या ताटातून धर्म काढून घेण्याचा अधिकार कोणत्या कलमाने दिला?

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीचे तत्कालीन मंत्री सत्येंद्र जैन यांनी तिहार तुरुंगात धार्मिक उपासासाठी फळे आणि सुका मेवा मागितला. विशेष न्यायालयाने अर्ज फेटाळला. कैद्याकैद्यांत भेद करता येणार नाही, हे त्यामागचे एक कारण. मंत्र्याला खास वागणूक नको, हे शंभर टक्के मान्य. पण समता दोन प्रकारे साधता येते. एकाच्या ताटातले काढून घेऊन, किंवा तशीच श्रद्धा असलेल्या निर्धन कैद्याच्या ताटात माफक ते वाढून. आपल्या व्यवस्थेला पहिली समता फार लवकर सुचते.

कैद्याचा हक्क अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कंपवाताने हात थरथरणाऱ्या फादर स्टॅन स्वामींनी २०२० च्या नोव्हेंबरात तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मागितला; त्यावर उत्तर देण्यासाठी तपास यंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच वारले. ती मागणी धर्माची नव्हती, देहाची होती. जेथे वृद्धाच्या घोटभर पाण्याला तारीख पडते, तेथे रोजा आणि एकादशी यांचे काय होत असेल!

तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी एक काम अंगावर घ्यावे. माहितीच्या अधिकाराखाली आपल्या तुरुंगाच्या अधीक्षकाकडे अर्ज करावा. नोंदवहीतला जातीचा रकाना पुसला काय, असे त्यात विचारावे. संडास धुणाऱ्या आणि भाकरी भाजणाऱ्या कैद्यांची निवड आता कशी होते, तेही विचारावे. आणि रमजानच्या महिन्यात बराकीचे कुलूप पहाटे किती वाजता उघडते, हा प्रश्न अर्जातून गाळू नये.