आंधळ्याला रंगाचे काय?

हा प्रश्न माझा नव्हे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर अमरावतीच्या एका कापड दुकानदाराने तो मला विचारला, आणि विचारून वर हसला. उत्तर तेथल्या तेथेच द्यायला हवे होते. पण आम्हा मास्तरांना नेमके बोलायचे ते घरी पोचल्यावर सुचते. म्हणून ते आज येथे देतो.

हकीकत साधी आहे. माझा एक जुना विद्यार्थी अकोल्याला नोकरी करतो. त्याला जन्मापासून दृष्टी नाही. पहिल्या बोनसमधून आईला साडी घ्यावी, तीही स्वतः निवडून, एवढाच त्याचा हट्ट. दुकानाची वेबसाइट होती, तिच्यावर 'घरबसल्या खरेदी करा' असे अगत्याचे आमंत्रणही होते. पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणारा टॉकबॅक त्याच्या फोनमध्ये आहे. पण तो वाचणार काय?

"सर, हा नुसता 'चित्र, चित्र, बटण, बटण' म्हनते," पोरगा मला म्हणाला. "साडी कोनती, किंमत किती, काहीच सांगत नाही."

कसाबसा तो शेवटच्या पायरीला पोचला, तर तेथे वेडीवाकडी अक्षरे! ती डोळ्यांनी ओळखा, म्हणजे आपण मनुष्य आहात हे सिद्ध होईल, अशी सूचना. वाचकहो, माणूसपणाची ही कसोटी कोणी ठरवली?

मी दुकानात जाऊन हे सांगितले, तेव्हा वरचा प्रश्न आला. शेटजी, आंधळ्याला रंगाचे काय, असे विचारता. पण साडी नेसणार होती आई, आणि आईला डोळे आहेत! आईला कोणता रंग शोभतो हे मुलाला ठाऊक असायला स्वतःची दृष्टी लागत नाही.

ज्या जिल्ह्यात हे दुकान आहे, त्याच जिल्ह्यात माधान आहे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. उणेपुरे चौतीस वर्षांचे आयुष्य. १९१५ साली ते गेले, तोवर शंभरावर ग्रंथ त्यांनी रचले होते. इतरांकडून वाचून घ्यावे, सांगून लिहवून घ्यावे, असा त्यांचा क्रम. आज तो वाचून दाखवणारा शिष्य प्रत्येकाच्या खिशातल्या फोनात आहे. पण शिष्यापुढे कोरे पान ठेवले, तर त्याने वाचावे काय?

मी संगणकातला जाणकार नव्हे. मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. तरी मला एवढे कळते की, चित्रामागे चार शब्द लिहिता येतात: 'हिरवी सुती साडी, लाल काठ, किंमत अमुक.' बटणाला नाव देता येते. वेड्यावाकड्या अक्षरांऐवजी दुसरी सोय ठेवता येते. बहिऱ्यांसाठी चित्रफितीखाली मजकूर देता येतो. अक्षरे ठळक ठेवली, तर आपल्या घरच्या आजोबांचाही दुवा मिळेल. हे नियम जगात १९९९ सालापासून लिहून ठेवलेले आहेत. संगणक वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा कार्यक्रम ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तयार केला आणि जगाला फुकट दिला. तेव्हा खर्चाची रड कोणापुढे?

कायदाही मुका नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खाजगी सेवा देणाऱ्यांनाही यात बांधले आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले; दोन वर्षांची मुदत २०१९ मध्येच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी तर त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. एवढी गिऱ्हाइके कोणता शहाणा व्यापारी उंबऱ्यावरून परत पाठवील?

"पण सोबत कोणी तरी असतेच की!" हा शेवटचा बचाव. म्हणजे काय? आपल्या बँकेचा गुप्त आकडा आपण शेजाऱ्याला सांगता काय? मग त्यानेच का सांगावा? हवी आहे ती दया नव्हे. आपले काम आपल्या हाताने करण्याची मुभा.

शेटजी, लक्ष्मीपूजनाच्या आधी एक करा. फोनचा पडदा झाका, टॉकबॅक सुरू करा, आणि आपल्याच दुकानातून एक साडी घेऊन दाखवा. जमली, तर माझे हे सारे लिहिणे मागे घेतो.

त्या दिवाळीला साडी अखेर मीच निवडली. आई नेसली, हरखली. पोरगा मात्र गप्प होता. निघताना म्हणाला, "सर, साडी तुमी घेतली. म्या फक्त पैसे देल्ले."

आंधळ्याला रंगाचे काय, ते मला त्या दिवशी कळले.